कडेवरच्या बाळासकट पट : बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाडीचं प्रकरण

अंगणवाडीचा पट, म्हणजे मुलांच्या नावांची नोंदवही, उघडून बसलं की पहिला प्रश्न नेहमी एकच येतो. हे मूल का येत नाही? उत्तरं ठरलेली असतात. आईबापाला शिक्षणाची गोडी नाही, मूल रडतं, घर लांब आहे, आजी सोडत नाही. सेविकांच्या प्रशिक्षणात मी बरीच वर्षं बसले आहे, आणि ही उत्तरं इतक्यांदा ऐकली आहेत की पुढचं वाक्य कोणतं येणार ते आधीच कळतं. प्रत्येक उत्तर मुलाबद्दल किंवा घराबद्दल असतं. शाळेबद्दल एकही नसतं.

म्हणून मी वर्गात एक जुनं प्रकरण पुन्हा पुन्हा काढते. जागा डहाणू तालुका, तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. काळ १९४५ पासून पुढचा. बोर्डी गावात आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर एका छोट्या बालवाडीपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्दच त्या प्रश्नातून आला. ती बालवाडी चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट आपण बहुधा त्याग आणि सेवा या शब्दांत सांगतो. ते शब्द खोटे नाहीत. पण त्यांच्याखाली या दोघींच्या कामातला हिशेब झाकला जातो. कोणत्या वस्तीचं मूल येतं, कोणत्या वयाचं येतं, कोणत्या महिन्यात नाहीसं होतं, हे त्यांनी फार बारकाईने पाहिलं होतं. मी हे प्रकरण त्या पटाच्या बाजूने मांडते आहे.

बोर्डीच्या आधी कोण येत होतं

हाताने वस्तू हाताळत शिकण्याची पद्धत मांडणाऱ्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत उघडलं. आईबाप कामावर गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होतं, त्याच इमारतीत होतं. म्हणजे या पद्धतीच्या पहिल्या पटावर गरिबांची मुलं होती. ती पद्धत आपल्याकडे येईपर्यंत पट बदलला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. ताराबाई राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून तिथे आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. काम उत्तम होतं, मुलांना मारायचं नाही, धाक घालायचा नाही, हात वापरून शिकू द्यायचं, हे सगळं त्या काळात नवं होतं. पण दादरच्या शिशुविहारात येणारी मुलं कोणाची? शिकलेल्या, नोकरदार, मध्यमवर्गीय घरांची. मॉन्टेसरी साहित्य महाग, पोचवायला घरून कोणीतरी मोकळं हवं, फी हवी. या तीन गोष्टींनीच पट ठरत होता, दारावर कोणाला मज्जाव करायची गरजच नव्हती.

ताराबाईंना हे दिसत होतं. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला जी परिषद झाली, तिच्यात नई तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकवण्याची ‘बुनियादी’ पद्धत, सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत खाली आणण्याचा विचार पुढे आला, आणि पूर्व-बुनियादी हा शब्द रुळला. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, ब्रिटिश सरकारच्या सार्जंट शिक्षण अहवालाने देशासाठी १० लाख बालशाळा-जागांची शिफारस केली होती. जिथे जवळपासच्या टापूत पुरेशी मुलं असतील अशा शहरी भागात स्वतंत्र बालशाळा काढावी, इतरत्र प्राथमिक शाळेला वर्ग जोडावा, असं त्या अहवालाचं म्हणणं. नियोजन करणारा माणूस नकाशावर वर्तुळ काढतो आणि त्यात मुलं पुरेशी आहेत का ते मोजतो. बोर्डीत मुलं पुरेशी होती. तरी ती येत नव्हती.

बोर्डी, १९४५

बोर्डी हे समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या, पारशी आणि इराणी बागायतदार, किनाऱ्याला मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांची वस्ती, आणि गावाच्या मागे डोंगराकडे सरकत गेलं की वारली आदिवासींचे पाडे. मराठीत गुजराती मिसळलेली, गुजरातीत मराठी. गावात १९२० पासून हायस्कूल होतं, आचार्य भिसे यांच्यासारखी माणसं तिथे होती, त्यामुळे शिक्षण हा शब्द गावाला परका नव्हता. तो काही वस्त्यांना परका होता.

आणि साल लक्षात घ्यायला हवं. १९४५ च्या मे महिन्यात याच पट्ट्यात झरी गावी किसान सभेच्या झेंड्याखाली वारली एकत्र जमले आणि वेठ, म्हणजे जमीनदाराकडची फुकटची सक्तीची मजुरी, करणार नाही म्हणून उभे राहिले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच वारली मेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबत, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या घरातलं मोठं माणूस स्वतःच्या दिवसाचं मालक नाही, त्या घरातलं मूल सकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी पोचेल, हे कोणी गृहीत धरायचं? बालवाडीच्या इतिहासात हा लढा आणि लढ्याच्या इतिहासात ही बालवाडी सहसा येत नाही. पट्टा तोच, वर्ष तेच, घरंही त्याच समाजाची. मला ही दोन पानं वेगळी वाचता येत नाहीत.

अशा ठिकाणी ५३ वर्षांच्या ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबतीला ३५ वर्षांच्या अनुताई आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका, पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी. खेड्यात काम करायचं म्हणून ती नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या.

बालवाडी सुरू झाली. वय अडीच ते सहा. गावातली ज्यांना यायचं होतं ती मुलं आली. हरिजन वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची आली नाहीत, आली तर टिकली नाहीत. पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच झाला: वस्तीत जायचं, मुलांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, अंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि घेऊन यायचं. अनुताईंनी हे स्वतःच्या हातांनी केलं. त्या काळात एका ब्राह्मण विधवेने हरिजन वस्तीत जाऊन मुलांना अंघोळ घालणं ही काय गोष्ट होती, ते आज समजावून सांगावं लागतं.

पण पटाच्या दृष्टीने हा उपाय अपुरा होता. आज आणलेलं मूल उद्या पुन्हा आणायला लागतं. आणणारी एक आजारी पडली की ती वस्तीच पटावरून गळते. शिवाय स्वच्छ होऊन, आपल्या अंगणातून उठून, परक्या चौकात इतरांच्या मुलांशेजारी जाऊन बसायचं, हा सगळा पल्ला मुलाने आणि त्याच्या आईने गाठायचा, शाळेने तसूभरही हलायचं नाही.

मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. मध्यवर्ती बालवाडी एका जागी राहिली, आणि वस्तीतल्याच एखाद्या घराच्या अंगणात तास-दोन तास भरणारी दुसरी बालवाडी सुरू झाली. अंगण झाडून घ्यायचं, पेटीतून थोडं साहित्य काढायचं, मुलं असतील तिथेच बसायची. ही अंगण-बालवाडी, पुढे अंगणवाडी.

याचा पटावर काय परिणाम होतो ते नीट पाहायला हवं. अंगणात बालवाडी भरली की ‘आणणं’ संपतं. आई भांडी घासता घासता बघू शकते, आजी ओट्यावर बसून ऐकते. मूल रडलं तर घर दहा पावलांवर. अडीच वर्षांचं मूलही बसू शकतं, कारण त्याला चालत यायचं नाही. म्हणजे जागा बदलली की पटावरचं वय खाली सरकतं. आणि जे मूल आजारी आहे, लंगडतं आहे, ऐकू येत नाही म्हणून घरी ठेवलं आहे, ते लपत नाही, कारण अंगण त्याच्याच घराचं असतं. वर्गखोलीत बसलेल्या शिक्षिकेला पटावर नसलेलं मूल दिसत नाही. अंगणात बसलेलीला ते समोर दिसतं.

साहित्यही बदललं. शिंपले, चिंचोके, बिया, पानं, दगड, माती, काड्या. मॉन्टेसरींनी लाकडी पेट्यांत जे ठेवलं होतं, लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-मऊ, ते सगळं बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि कुंपणाला फुकट पडलं होतं. याचं वर्णन नेहमी काटकसर म्हणून होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: चिंचोका ज्याच्या घरी आहे, ते मूल या शाळेत पाहुणं नसतं.

कोसबाड, १९५७

बोर्डीचा अनुभव घेऊन काम आदिवासींच्या अधिक जवळ, कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे जे उभं राहिलं त्याला विकासवाडी म्हणतात. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, बोर्डीत नाही, आणि नेमका हाच भाग आपण विसरलो.

कोसबाडला वस्ती बहुतांशी वारल्यांची. कारवीच्या कुडाची घरं, एकेका पाड्यावर मोजकी घरं, दोन पाड्यांमध्ये ओहोळ आणि माळ. कामाचं वर्ष पावसाबरोबर फिरतं: आवणीला, म्हणजे भातलावणीला, सगळे शेतात, पाऊस सरल्यावर भातकापणी, मग मालकाचं गवत कापणं, मग जंगलातली लाकूडतोड. या वर्षात लहान मूल कुठे असतं? झोळीत, नाहीतर कोणाच्या तरी कडेवर. आणि ती कड कोणाची असते? सात-आठ वर्षांच्या बहिणीची.

इथे एक साधी गोष्ट आहे, पण ती कागदावर कधी येत नाही, कारण आपण रजिस्टरं वयानुसार वेगळी करतो. दोन वर्षांपर्यंतचं बाळ एका वहीत, तीन ते सहाचं दुसऱ्या वहीत, सहाच्या पुढचं प्राथमिक शाळेत, तिसऱ्या इमारतीत. घरात ही तिन्ही मुलं एकमेकांना बांधलेली असतात. बाळाला सांभाळायला मोठी मुलगी घरी. मोठी मुलगी घरी म्हणून मधलं मूलही तिच्या मागे घरी. त्यामुळे बालवाडीच्या पटावर चार वर्षांच्या मुलाचं नाव नाही, याचं कारण त्याच्या सात महिन्यांच्या भावात असतं. प्राथमिक शाळेत आठ वर्षांच्या मुलीची गळती दिसते, तिचं कारणही तोच सात महिन्यांचा भाऊ. तिन्ही वह्या वेगवेगळ्या टेबलांवर ठेवल्या की प्रत्येक टेबलावरचा माणूस म्हणतो, पालक उदासीन आहेत.

विकासवाडीत ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. मुलगी भावाला कडेवर घेऊन येते, बाळ पाळणाघरात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः वर्गात जाऊन बसते. बाळ रडलं तर जाऊन बघून येते. पटाचं एकक मूल राहिलं नाही, भावंडांची साखळी झाली. वाचायला हे सोपं वाटतं. पण आजही आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शालेय शिक्षणाची, त्यामुळे दोघांना एका आवारात आणायचं तरी पत्रव्यवहार करावा लागतो. तेव्हा एका संस्थेने ठरवलं आणि केलं.

यानंतरही काही मुलं उरलीच. गुरं राखणारी. सहा-सात वर्षांचा मुलगा सकाळी गुरं सोडतो आणि संध्याकाळी आणतो. शाळेची वेळ नेमकी या मधली. त्याला शाळेत आणायचं तर गुरं कोण राखणार याचं उत्तर शाळेकडे हवं. ते नव्हतं. म्हणून कोसबाडने शाळा कुरणात नेली. अनुताईंची कुरणशाळा ती हीच. मुलं गुरांवर नजर ठेवत माळावर बसतात, बाई तिथे जाते. दिवसभर कामाला जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग झाले.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर एक पद्धत दिसते. पटावर नसलेल्या मुलांचे त्यांनी गट पाडले, आणि हे गट जातीवर किंवा उत्पन्नावर पाडलेले नाहीत, मुलाचा दिवस कुठे जातो यावर पाडले आहेत. अंगणात खेळणारी, बाळ सांभाळणारी, गुरं राखणारी, मजुरीला जाणारी. प्रत्येक गटाला वेगळी जागा किंवा वेगळी वेळ. आजच्या भाषेत याला लाभार्थ्यांचं वर्गीकरण म्हणतील. पण आपली वर्गीकरणं अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर, मुलगा, मुलगी अशा रकान्यांत संपतात. ते रकाने हवेतच, त्यांच्यामुळे हक्क मिळतात. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्यात अनुसूचित जमातीची लोकसंख्या सुमारे ६९ टक्के आहे हे त्या रकान्यांमुळेच कळतं. पण गुरुवारी सकाळी दहा वाजता ते मूल कुठे आहे, हे त्यातून कळत नाही.

भाषेचाही प्रश्न होता. घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी. कोसबाडने शिकवणं परिसरातून सुरू केलं, झाडं, पक्षी, शेत, सण, आणि त्याच परिसरातल्या मुलींना बालसेविका म्हणून तयार करायला सुरुवात केली. पाड्यावरची बाई शिकवायला बसली की मूल पहिल्या दिवशी गप्प बसत नाही. पटावर येणं आणि पटावर टिकणं यांत जो फरक आहे, तो बऱ्याचदा या एका गोष्टीने पडतो.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्या १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, काम चालवलं.

नाव देशभर गेलं, त्यामागचा अर्धा विचार मागे राहिला

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांमध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईतली धारावी आणि मेळघाटातलं धारणी ही सुरुवातीची ठिकाणं. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. आज महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत आणि गावातल्या आजीलाही हा शब्द आपला वाटतो.

योजनेने बोर्डीची अंगणवाडी घेतली. कोसबाडची विकासवाडी घेतली नाही. मूल जिथे राहतं तिथे केंद्र, वस्तीतलीच सेविका, खेळ आणि खाऊ, लसीकरण, वजन, हे सगळं आलं आणि त्याने असंख्य मुलं जगवली. पण अंगणवाडी दिवसाचे चार-पाच तास चालते आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवते. तीनच्या आतल्या बाळासाठी घरी नेण्याचा आहार आहे, पाळणा नाही. म्हणजे आवणीच्या दिवसांत ते बाळ पुन्हा बहिणीच्या कडेवर. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद केंद्राने २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत केली. कोसबाडनंतर ६५ वर्षांनी.

अंगणवाडी कुठे असावी हे लोकसंख्येच्या निकषाने ठरतं. आदिवासी, डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, १५० ते ३०० ला मिनी अंगणवाडी. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या निकालात म्हटलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी. हा फार मोठा हक्क आहे आणि बऱ्याच पाड्यांना तो अजून माहीत नाही, म्हणून मी तो प्रत्येक वर्गात सांगते.

आता हे आकडे पटापर्यंत आणून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात शून्य ते सहा या वयोगटाचा वाटा साधारण १३ ते १४ टक्के. जनगणनेत या गटात वयाची सात वर्षं येतात. ३०० माणसांच्या वस्तीत अशी ४० च्या आसपास मुलं, म्हणजे एका वर्षाला साधारण सहा. त्यातली तीन, चार आणि पाच वर्षांची धरली तर १७-१८. आदिवासी भागात मुलांचा वाटा थोडा जास्त असतो, म्हणून वीस धरू. १५० माणसांच्या पाड्यावर नऊ-दहा. मिनी अंगणवाडीचा पूर्ण भरलेला पट एवढाच. वरून आलेला पर्यवेक्षणाचा माणूस नऊ मुलं बघून ‘पट कमी’ असा शेरा मारतो, तेव्हा तो शंभर टक्के नोंदणीलाच कमी म्हणत असतो. लहान केंद्राच्या पटाकडे बघताना पाड्याची माणसं किती हे आधी विचारायला हवं, मुलं किती हे नंतर.

लहान पटाची आणखी एक अडचण असते आणि ती टक्केवारीत लपते. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला. पावसाळ्यात घर चालवायला भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती हजार विटांमागच्या मजुरीतून फेडायची. भट्टीवर जोडी लागते, नवरा आणि बायको, त्यामुळे तरुण जोडपी जातात आणि म्हातारी माणसं पाड्यावर राहतात. समजा, १५० माणसांच्या पाड्यातून सहा तरुण कुटुंबं गेली. एका कुटुंबात नवरा, बायको आणि दोन-तीन मुलं. पाड्याची लोकसंख्या पाचव्या हिश्शाने घटली. पण तीन ते पाच वर्षांची मुलं तरुण जोडप्यांचीच असतात. नऊ मुलांच्या पटातली पाच-सहा गेली. गावात दिवे लागलेले दिसतात, माणसं दिसतात, आणि अंगणवाडीत तीन मुलं. जानेवारीत भेट देणाऱ्याला वाटतं सेविका काम करत नाही. तिच्या पटाचं वय भट्टीवर गेलेलं असतं, तिची मेहनत जाग्यावर असते.

भट्टीवर ही मुलं कोणाच्याच पटावर नसतात. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर राहायला उभारलेली झोपडी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या. दोन्हींमागचा विचार अंगणवाडीचाच. पण त्यांत सहा वर्षांपुढच्या मुलांकडे जास्त लक्ष गेलं, कारण शिक्षण हक्क कायदाही सहापासून सुरू होतो. भट्टीवरचं चार वर्षांचं मूल मातीच्या ढिगाऱ्याशी खेळत राहतं आणि त्याच्या शेजारी झोळीत बाळ असतं.

पटाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच हालचाल आहे, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. रेल्वेकडच्या गावांत इंग्रजी शब्दांची पाटी लावलेले बालवर्ग वाढले. जिथे पोचवायला माणूस आणि फी आहे, तिथलं मूल त्या वर्गात जातं आणि त्याचं नाव आहारासाठी अंगणवाडीतही राहतं. अशा ठिकाणी नोंदणीचा आकडा भरलेला आणि चटई रिकामी. नोंदणी आणि रोजची बैठक हे दोन आकडे वेगळे सांगितलेच पाहिजेत. मोबाइलवर माहिती भरायची सोय आल्यापासून आकडा रोज वर जातो, ही चांगली गोष्ट आहे, पण ‘नाव आहे’ आणि ‘मूल बसलं’ यांतलं अंतर सेविकेने निर्भयपणे लिहावं असं वातावरण त्या सोयीबरोबर आपोआप येत नाही. एका प्रकल्पात एका सेविकेने हजेरी खरी लिहिली म्हणून तिला बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून बोललेलं मी पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात तिथल्या सगळ्या पाड्यांची हजेरी चांगली झाली. मुलं तेवढीच होती.

कोसबाडच्या मर्यादा

हे प्रकरण सांगताना कोसबाडला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. पाळणाघर, बालवाडी, शाळा, कुरण आणि रात्रीचे वर्ग एवढं सगळं चालवायला माणसं लागतात, आणि ती रोज लागतात. कोसबाडला ती मिळाली कारण तिथे प्रशिक्षणाची सोय होती आणि या दोघी स्वतः तिथे राहत होत्या. अशी माणसं प्रत्येक पाड्याला कुठून आणायची, हे प्रशासनाने विचारलं तर तो प्रश्न खरा आहे. दुसरं म्हणजे, पाडे विखुरलेले. एका आवारात सगळं आणलं की भावंडांची साखळी जुळते, पण लांबच्या पाड्याचं मूल पुन्हा लांबच राहतं. बोर्डीचा उपाय अंतर मिटवतो आणि कोसबाडचा उपाय वयं जोडतो. दोन्ही एकाच वेळी करणं अवघड आहे. ३० घरांच्या पाड्यावर पाळणा, बालवाडी आणि दोन इयत्ता, तिथल्याच दोन-तीन बायकांच्या भरवशावर, एवढं लहान केलेलं कोसबाड चालेल असं मला वाटतं. पण पगार पूर्ण दिवसाचा द्यावा लागेल. सेविकेला मानधन देऊन तिच्याकडून दिवस मागता येत नाही.

तिसरी मर्यादा स्थलांतराची. कुरणशाळा गुरांमागे जाऊ शकली कारण गुरं संध्याकाळी परत येत होती. भट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परत येतं.

प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी मी सेविकांना कोरा कागद देते आणि आपला पट आठवून लिहायला सांगते. नाव, वय, मुलगा-मुलगी, हे त्या न बघता लिहितात, जातीचा रकानाही भरतात. मग त्याच कागदावर तीन रकाने आणखी ओढायला सांगते. याचं धाकटं भावंड दिवसा कोणाच्या कडेवर असतं. घरापासून केंद्रापर्यंत याला वाटेत काय ओलांडावं लागतं. दिवाळीनंतर हे कुठे असेल. पहिला रकाना बहुतेकींना भरता येतो, त्या तिथल्याच असतात. दुसऱ्याला त्या थांबतात, आठवतात, ओहोळ लिहितात, हायवे लिहितात, एखादी सेविका ‘कुत्री’ असं लिहिते. तिसरा रकाना भरताना त्या एकमेकींना विचारू लागतात, ही कुटुंबं कुठल्या भट्टीवर जातात गं, आणि त्या भट्टीजवळची अंगणवाडी कोणाची?